न दिलेल्या देणगीची पाटी

बाळंतिणींच्या वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या नर्सला पहिल्या दिवशी हमखास घाम फुटायचा. कारण आतून मावशींची आरोळी यायची, "अगं ए सिस्टर, त्या जुळ्यांच्या आईला टायरवाल्यांवरून उठव आणि सराफांच्या खाली झोपव!"

नवी सिस्टर दारातच खिळून राहायची. आपली नेमणूक सरकारी रुग्णालयातच झाली आहे ना, हे बघायला ती पर्समधला कागद काढून पुन्हा वाचायची. मग जुन्यांपैकी कुणीतरी हसू दाबत तिला समजावायचं. टायरवाले म्हणजे उजव्या रांगेतल्या खाटा. टायरच्या एका व्यापाऱ्याने त्या वडिलांच्या स्मरणार्थ दिल्या होत्या. सराफ म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. चष्मेवाले म्हणजे औषधांचं कपाट. आणि वकीलबाई म्हणजे बाळांचं वजन करायचा काटा. "वकीलबाई बिघडल्यात गं, येईल त्याला तीन किलो सांगतायत," असं मावशी ओरडल्या की त्याचा अर्थ एवढाच, की काट्याची स्प्रिंग गेली.

ही भाषा मावशींनीच पाडली होती, आणि तीही गंमत म्हणून नाही. वॉर्डाला आजवर तीनदा रंग लागला होता आणि तिन्ही वेळा भिंतीवरचे खाटांचे नंबर रंगाखाली गेले. देणगीदारांच्या पाट्या मात्र जागच्या जागी राहिल्या, कारण दात्याचा लेखी अर्ज असल्याशिवाय दात्याची पाटी हलवायची नाही, असा रुग्णालयाचा नियम होता. नंबर पुसले तर चालत होते. शेवटी माणसाला बोट दाखवायला काहीतरी लागतं. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पाट्या वाचल्या आणि कामाला लावल्या.

पंख्यांची तऱ्हा आणखी वेगळी. शहरातल्या एका कापडवाल्या शेठनी आईच्या स्मरणार्थ बारा पंखे दिले होते आणि प्रत्येक पंख्याच्या तीन पात्यांवर पेंटरकडून आईचं नाव घालून घेतलं होतं. एका पात्यावर 'मातोश्री', दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर 'स्मरणार्थ'. आता पंखा फिरायला लागला की आई दिसेना. म्हणून शेठ वॉर्ड बघायला आले की बाराही पंखे बंद करावे लागत. ऐन उन्हाळ्यात तीस बाळंतिणी आणि तीस बाळं घामाने निथळत पडलेली असत, आणि शेठ वर मान करून, हात जोडून, बारा वेळा आईचं नाव वाचत. मग रुमालाने कपाळ पुसून म्हणत, "उकडतंय हो फार इथं. अजून पंखे द्यायला हवेत."

म्हणून त्यांचं नाव पंखेशेठ.

मावशी या वॉर्डात पहिल्यांदा आल्या त्या कामाला नाही, बाळंतपणाला. वय तेवीस, महिना सातवा. मुलगी झाली ती तळहातावर मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटी एका तेलाच्या व्यापाऱ्याने दिलेली होती, पण ती चालायची सरकारच्या विजेवर, आणि वीज तेव्हा मनात येईल तेव्हा जायची. वीज गेली की एक म्हातारी आया रबरी पिशवीत गरम पाणी भरून पेटीत ठेवायची. असं अकरा दिवस चाललं. नवऱ्याने बाराव्या दिवशी, "परगावी काम मिळतंय का बघून येतो," म्हणून काढता पाय घेतला आणि पत्ता कळवायला विसरला. मावशींनी मुलगी उचलली आणि त्याच वॉर्डात बदली कामगार म्हणून उभ्या राहिल्या. त्याला आता छत्तीस वर्षं झाली. निवृत्तीला सात महिने उरले होते. मुलगी दूरच्या गावी सरकारी शाळेत गणित शिकवत होती आणि दर रविवारी आईला फोनवरून रागावत होती.

"पेटी तेलवाल्याची, वीज सरकारची, गरम पाणी त्या आयाचं," मावशी म्हणायच्या. "मुलगी कुणाची म्हणायची ते तुम्ही ठरवा."

रोज ड्युटीवर आल्या की वॉर्डाच्या दाराशी थांबून त्या हात जोडायच्या. समोर तसबीर नाही, काही नाही. एकदा एका सिस्टरने विचारलं, "मावशी, नमस्कार कुणाला?"

"आत तीस जण देवाकडून नुकतेच आलेत," मावशी म्हणाल्या. "ताजा पत्ता त्यांच्याकडेच असणार."

तर अशा या वॉर्डाला खाटा होत्या, घड्याळ होतं, बारा आया फिरत्या पात्यांवर होत्या. नव्हता तो फक्त संडास.

म्हणजे होता, वॉर्डाच्या टोकालाच, बारा पावलांवर. पण चार वर्षांपूर्वी एका सकाळी खालची सांडपाण्याची नळी खचली आणि फरशी वीतभर खाली गेली. बांधकाम खात्याची माणसं आली, त्यांनी भोकात डोकावून बघितलं, दारावर दोन फळ्या आडव्या ठोकल्या, खडूने 'बंद' लिहिलं आणि गेली. तेव्हापासून बाळंतिणींना अंगण ओलांडून, सायकलस्टँडला वळसा घालून, समोरच्या इमारतीमागे जावं लागत होतं. मावशींनी मोजलं होतं: एकशे ब्याऐंशी पावलं. तीही त्यांची. टाके पडलेली बाई मोठं पाऊल टाकत नाही. तिची तीनशेच्या वर होतात. वरून ऊन, नाहीतर खाली चिखल. एका हाताने भिंत धरायची, दुसरा हात मावशींच्या खांद्यावर. अशा दिवसाला तीस-चाळीस फेऱ्या. मावशींच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. तो मंजूर झाला नव्हता एवढंच.

मावशींनी या सात महिन्यांसाठी देवाकडे एकच मागितलं होतं. जाण्याआधी त्या फळ्या निघालेल्या बघायच्या. कारण आपण गेल्यावर या बायांचा हात धरून कोण जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. कुणीच नाही.

त्यासाठी त्या दर महिन्याला ऑफिसात हेडक्लार्ककडे जायच्या.

"मंजूर आहे, मावशी," हेडक्लार्क फायलीतून मान वर न करता सांगायचे.

"मग बांधत का नाहीत?"

"मंजूर आहे ना."

"अहो दादा, मंजुरीवर बसता येत नाही."

"पैसे आले की होईल. गेल्या वर्षी आले होते, पण वर्ष संपताना आले, म्हणून परत गेले. नियम आहे."

मोठे डॉक्टर सज्जन होते. येईल त्या दात्याला ते सांगायचे, की आम्हाला शौचालयाची फार गरज आहे. दाता लगेच गंभीर व्हायचा, मान हलवायचा, घसा खाकरायचा आणि आठवड्याने थंड पाण्याचं यंत्र पाठवायचा. त्यावर नाव छान दिसतं. कॉरिडॉरमध्ये अशी चार यंत्रं ओळीने उभी होती. बाया पाणी पीत होत्या आणि पुन्हा एकशे ब्याऐंशी पावलं चालत होत्या.

"पाजायला चौघं पुढे आले," मावशी म्हणायच्या. "पुढचं बघायला एक नाही."

आणि अशात एके दिवशी हेडक्लार्क स्वतः जागेवरून उठून वॉर्डात आले. हेच मुळात आक्रीत. "मावशी, या वेळी पैसे मंजुरीबरोबरच आलेत! वॉर्डाला नवं शौचालय. पुढच्या महिन्यात काम सुरू."

मावशींनी इथे गप्प बसायला हवं होतं. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत 'पुढचा महिना' या शब्दांचा अर्थ त्यांना पुरता कळला होता. आणि नेमके त्याच आठवड्यात पंखेशेठ आले. आईच्या जन्माचं शंभरावं वर्ष होतं. मावशींनी सवयीप्रमाणे बटणं बंद केली. पंखे थांबले, आई दिसली, शेठनी हात जोडले.

"बोला डॉक्टर," शेठ म्हणाले. "या वेळी आईच्या नावानं काहीतरी मोठं द्यायचंय. लोकांना दिसेल असं."

डॉक्टरांनी एक श्वास घेतला. "शेठजी, एक शौचालय जर झालं..."

"अहो, काय बोलता! आईचं नाव संडासावर?"

बटणांपाशी उभ्या असलेल्या मावशींच्या तोंडून निघून गेलं, "का? आई जात नव्हत्या का?"

डॉक्टर एकदम सराफांकडे बघायला लागले. सराफ गेल्या पावसाळ्यापासून सव्वानऊलाच थांबलेले होते. शेठचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

"या बाई कोण?"

"मी मावशी. तुमचं दुकान एका गाळ्याचं होतं ना, तेव्हा आईंचा पाय मोडला होता. वरचा वॉर्ड भरला म्हणून त्यांना इथे खाली ठेवलं होतं, ही अशी या कोपऱ्यात. पंधरा दिवस याच हातानं त्यांना आत नेत होते मी. तेव्हा तो चालू होता. बारा पावलं. आई म्हणायच्या, मुलगा माझा गुणी आहे, पण त्याला एवढंच कळतं की आईला उकडतं. बाकीचं विचारायला लाजतो."

आई खरंच असं म्हणाल्या होत्या की नाही, हे देव जाणे. मावशींनी पुढे कधीच ते शपथेवर सांगितलं नाही. पण पाय मोडला होता हे खरं होतं आणि कोपराही तोच होता. शेठ त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "पंखे लावा आधी. बाया उकडतायत." आणि डॉक्टरांना म्हणाले, "करू. आईच्या नावानं करू."

दुसऱ्या दिवशी शेठचं पत्र आलं. डॉक्टरांनी आनंदाच्या भरात त्याची प्रत वर पाठवली. आठ दिवसांत वरून उत्तर आलं, की सदर गरज दात्यामार्फत पूर्ण होत असल्याने सदर काम यादीतून वगळण्यात येत आहे.

"आठ दिवसांत!" हेडक्लार्क भारावून म्हणाले. "सरकार इतकं झटपट चालू शकतं, हे मला माहीतच नव्हतं."

मावशींनी ते उत्तर दोनदा वाचायला लावलं. पण शेठ देतायत तर सरकारचं कशाला हवं, असं त्यांनी मनाला समजावलं. ती समजूत पुढच्या मंगळवारपर्यंत टिकली.

मंगळवारी शेठ मापं घ्यायला आले. बरोबर त्यांची थोरली बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. शेठही तिच्यापुढे आवाज खाली ठेवायचे. आक्का वॉर्डात शिरल्या तोच एक बाळंतीण म्हणाली, "मावशी, बाळाला वकीलबाईंवर ठेवलं तर ते रडतंय." पलीकडून सिस्टर ओरडली, "चष्मेवाल्यांचं कुलूप कुणी मोडलं?"

आक्का थबकल्या. "हे काय चाललंय?"

एका हौशी सिस्टरने त्यांना सगळी पद्धत नीट समजावून सांगितली. कोण खाट, कोण कपाट, कोण काटा. आक्कांना आधी हसू आलं. मग हळूहळू ते मावळलं.

"आणि आमच्या आईच्या नावानं जे होणार आहे, त्याला काय म्हणाल?"

मावशी सिस्टरला डोळ्यांनी खुणा करत होत्या. पण सिस्टर मनाने सरळ होती.

"आजी म्हणू ना! 'मी जरा आजींकडे जाऊन येते.' किती छान वाटतं!"

"आणि तुंबलं तर?" कोपऱ्यातल्या बाईने विचारलं.

"'मावशी, आजी तुंबल्यात,'" सिस्टर म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला.

आक्कांनी भावाच्या हातातली टेप घेतली, गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि दाराकडे वळल्या. शेठ मागोमाग. त्याच आठवड्यात पाचवं थंड पाण्याचं यंत्र आलं.

मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. सरकारचं त्यांनी शेठकडे मागून घालवलं आणि शेठचं स्वतःच्या जिभेने पाडलेल्या भाषेमुळे गेलं. दोन्ही बाजूंनी एकाच माणसाने बुडवलेलं असं काम त्या रुग्णालयातही पहिलंच असावं. त्या ऑफिसात गेल्या.

"दादा, सरकारचं पुन्हा यादीत घाला."

"असं नाही घालता येत. गरज पूर्ण झाल्याची नोंद झालीय. आता गरज नव्यानं उत्पन्न झाली आहे, असा अर्ज करावा लागेल."

"ती रोज उत्पन्न होते, दिवसातून चार वेळा."

"तसं लिहिता येत नाही, मावशी."

मावशी बाकावर बसल्या. "देवानं एवढा देह दिला माणसाला, आत सगळी नळजोडणी करून. कुठे पाटी लावली त्यानं?"

"म्हणूनच तर दुरुस्तीला कुणी येत नाही," हेडक्लार्क म्हणाले. मग त्यांना स्वतःलाच ते बरं वाटलं नाही आणि त्यांनी मावशींसाठी चहा सांगितला.

गुरुवारी दुपारी पेंटर पाचव्या यंत्रावर शेठच्या आईचं नाव रंगवत अंगणात बसला होता. या रुग्णालयातलं प्रत्येक नाव त्याच्या हातचं. त्याची स्वतःची मुलगी तीन दिवसांपूर्वी याच वॉर्डात बाळंत झाली होती. मावशी दुसरीला घेऊन गेल्या होत्या. मुलीला धीर निघेना, ती एकटीच भिंत धरून निघाली. सायकलस्टँडपाशी तिला घेरी आली. बापाने ब्रश हातात असतानाच तिला पडताना पाहिलं. टाके उसवले. तिला पुन्हा आत घेऊन पुन्हा शिवावं लागलं, आणि तिचं ओरडणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

पेंटर दाराबाहेर उभा होता. त्याच्या शर्टावर सोनेरी रंगाचा ओघळ होता. मावशी त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्याने त्यांना एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच मावशींना सोसेना.

मुलगी झोपल्यावर त्या म्हणाल्या, "पेंटरभाऊ, एक पाटी रंगवायचीय."

"कुणाच्या स्मरणार्थ?"

"जिवंत आहे माणूस."

"मजकूर सांगा."

मावशींनी सांगितला. पेंटरने ऐकला, ब्रश पुसला आणि मुलगी पडल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काहीतरी हललं.

"मावशी, नोकरी जाईल."

"सात महिन्यांची उरलीय. न्यायची तर नेऊ देत."

"आकार केवढा?"

"शेठच्या आईएवढा. आणि चारी कोपऱ्यांत फुलं काढ. देणगीदाराचा मान कमी नको."

शनिवारी भेटीच्या वेळेला, कॉरिडॉर नातेवाइकांनी भरलेला असताना, फळ्या ठोकलेल्या दारावर ती पाटी लागली. निळ्या रंगावर सोनेरी अक्षरं, दुहेरी किनार:

'हे शौचालय बांधकाम खात्याच्या मोठ्या साहेबांच्या कृपेने गेली चार वर्षे बंद आहे. साहेबांच्या या उदार देणगीबद्दल रुग्णालय त्यांचे कायमचे आभारी आहे.'

पहिल्या तासात दोघा-तिघांनी सवयीने पाटीला हात जोडले आणि मग वाचली. त्यानंतर हसणं सुरू झालं. कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर फिरला, आणि रविवारी मावशींच्या मुलीच्या फोनवर पोहोचला. तिने आईला नेहमीप्रमाणे रागवायला फोन केला, पण हसण्यामुळे तिला ते जमेना.

सोमवारी मोठे साहेब स्वतः आले. मावशींच्या डोक्यात साहेब म्हणजे कुणी आडदांड माणूस होता. हा निघाला बारकासा, थकलेला, बगलेत फाइल, बुटाची नाडी सुटलेली.

"पाटी काढा," साहेब म्हणाले.

"काढते की. पण दात्याचा लेखी अर्ज लागतो. नियम आहे इथला."

साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कने आयुष्यात केलेलं एकमेव धाडस त्या क्षणी केलं. ते फायलीत तोंड घालून म्हणाले, "हो साहेब. नियम आहे. 'मी, या देणगीचा दाता' अशी सुरुवात करावी लागते."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "मावशी, माझ्याकडे असे सत्तर संडास आहेत. पैसे काय माझ्या खिशात असतात? वरून येतात, वर जातात. मी मधे."

"आमचंही तसंच आहे, साहेब. वरून येतं, आणि पुढे वाट नाही."

एवढ्यात पेंटरची मुलगी उठली. तिला जायचं होतं. मावशींनी तिचा हात खांद्यावर घेतला आणि वळून म्हणाल्या, "चला ना साहेब. एकशे ब्याऐंशीच पावलं आहेत."

आता जमलेल्या लोकांसमोर नाही म्हणणार कसे? साहेब निघाले. सुरुवातीला ते दोनदा पुढे गेले आणि दोनदा थांबले. मग त्यांना त्या मुलीच्या पावलाने चालावं लागलं. टाच उचलायची, थांबायचं, श्वास घ्यायचा. ऊन मी म्हणत होतं. सायकलस्टँडपाशी मुलीने दगडी कट्टा धरला आणि डोळे मिटून घेतले. साहेबांनी फाइल तिच्या डोक्यावर सावलीसारखी धरली. जाऊन यायला पाऊण तास लागला.

परत आल्यावर साहेब पाण्याच्या यंत्राला टेकून उभे राहिले. "नवं बांधकाम यादीतून गेलं ते गेलंच," ते म्हणाले. "पण नळी खचलीय ना? मग ही दुरुस्ती आहे. दुरुस्तीला वर जावं लागत नाही. ती माझ्या सहीत आहे."

"चार वर्षं तुमच्या सहीत होती?" मावशींनी विचारलं.

साहेबांनी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. "दुरुस्ती म्हणून कुणी मागितलीच नाही. दरवर्षी 'नवे शौचालय' म्हणूनच अर्ज येत होता."

सगळ्यांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्क म्हणाले, "नवं मागितलं की बरं दिसतं." आणि ते खरंच होतं. त्या रुग्णालयाला देणारा असो की मागणारा, जुनं नीट करायचं कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. दुरुस्तीवर नाव कुठे घालणार?

अठरा दिवसांत फळ्या निघाल्या. मावशींनी आत जाऊन नळ सोडला, पाणी वाहताना बघितलं, आणि तिथेच उभ्या उभ्या हात जोडले. जागा त्या कामाची नव्हती, पण देवाला त्याचं काही वाटलं असेल असं वाटत नाही.

साहेबांनी अर्ज केला नाही, म्हणून पाटी हलवता आली नाही. पेंटरने 'बंद' पुसून 'सुरू' केलं, आणि 'गेली चार वर्षे' मात्र तशीच ठेवली. त्यामुळे वाक्य धादांत खोटं झालं. पण ते साहेबांच्या बाजूने खोटं होतं, म्हणून खात्याकडून हरकत आली नाही. मावशींना मात्र वरून नोटीस आली, की वरिष्ठांची बदनामी केल्याबद्दल कारवाई का करू नये. मावशींनी हेडक्लार्ककडून उत्तर लिहून घेतलं: पाटीत जे खोटं असेल ते दाखवा, तेवढं पुसते. या नोटिशीचा निकाल अजून लागलेला नाही. तीही मंजूर होऊन पडली असावी.

उरला प्रश्न घासायचा. सफाईची जागा वरून भरलेली नव्हती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला कापडदुकानातला गडी फिनेल, ब्रश आणि साबणाचं खोकं घेऊन आला. त्याच्यामागे रोज सकाळी तासभर घासायला येणारी एक बाई. कुणी पाठवलं म्हणून विचारलं तर गडी म्हणाला, "शेठनी सांगितलंय, नाव सांगायचं नाही. आक्कांना कळता कामा नये." त्या रुग्णालयाला पहिल्यांदाच पाटीशिवाय देणगी मिळाली, आणि तीसुद्धा देणाऱ्याला लाज वाटत होती म्हणून. मावशींनी त्या दिवशी आपणहून बाराही पंखे क्षणभर बंद केले, वर बघितलं आणि पुन्हा सुरू केले.

आता वॉर्डातल्या बायांना नवं नाव शोधावं लागलं नाही. दारावर लिहिलेलंच होतं. "मावशी, जरा साहेबांकडे जाऊन येते," म्हणून बाई उठायची आणि बारा पावलांवर जाऊन परत यायची. मावशींच्या खांद्याला हात लावायचीही गरज नव्हती. पहिले काही दिवस मावशींचा खांदा मात्र सवयीने पुढे व्हायचा.

मावशींच्या निवृत्तीला आठ दिवस उरले असताना साहेब पाहणीला आले. त्यांना आता या जागेचा थोडा अभिमान वाटायला लागला होता. बरोबर वरच्या ऑफिसातले दोन पाहुणे. तिघं वॉर्डाच्या दारात उभे होते, आणि साहेब हात पसरून काहीतरी सांगत होते, तेवढ्यात ती हौशी सिस्टर आतून धावत आली.

"मावशी! मावशी, साहेब तुंबलेत!"

सिस्टरने साहेबांना पाहिलं आणि ती औषधाच्या ट्रेसकट भिंतीला टेकली. पाहुण्यांपैकी एकाने खोकल्याचं निमित्त केलं. मावशी शांतपणे पुढे आल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्यासाठीच निरोप आहे."

साहेब एक क्षण पाटीकडे बघत राहिले, चारी कोपऱ्यांतल्या फुलांकडे, सोनेरी अक्षरांकडे. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"नळवाल्याला पाठवा," ते फोनवर म्हणाले. "आत्ता. नाही, उद्या नाही. नवं काही नको. दुरुस्ती आहे."